शुक शुक केल्यावर येणारी भाटी

काल संध्याकाळी कोथरूडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तरुण स्कूटरच्या सीटवर हुरड्याची पाकिटं मांडून उभा होता. पाकिटात मूठ-दोन मूठ हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याच्या चटणीची चिमुकली पुडी आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं, 'गावरान हूर्डा'. माझ्याच्याने राहवलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, अहो, 'हु' ऱ्हस्व आणि 'र' पूर्ण, हुरडा असं लिहा. मोबाईलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, हो काका, लिहितो. मग डोकं वर काढलं आणि बिचारा नीट लावलेली पाकिटं पुन्हा नीट लावायला लागला.

मला आता राग येत नाही. फोनवर मला सगळे 'सर'च म्हणतात. गॅसवाला म्हणतो, बँकेतली मुलगी म्हणते. माझ्या सख्ख्या भाचीने एकदा मला 'काका, जरा मावशीला फोन द्या ना' असं म्हटलं होतं, आणि मीही हो हो म्हणून अर्ध्या मिनिटाने पुन्हा फोन उचलला होता. काय करता. घोगरा, खरखरीत, मधेच विझणारा असा हा आवाज गेली सहा वर्षं माझ्या घशात राहतोय. भाडेकरू आहे, पण आता जाणार नाही हे दोघांनाही कळलंय.

पाकीट घेतलं. घरी येऊन चार दाणे तोंडात टाकले. गार होते आणि त्यांना धुराचा वास नव्हता. तरी तेवढ्यावरसुद्धा तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात मी तीन आठवडे एक अक्षर बोलणार नव्हते आणि एका मांजराला भलतंच मराठी शिकवून बसले.

मी मराठीची शिक्षिका. एकतीस वर्षं. एका वर्गात साठ पोरं, खिडकीबाहेर बसचा थांबा, शेजारच्या वर्गात गणिताचा तास, आणि या सगळ्यावर माझा आवाज. तिसऱ्या मजल्यावर मी 'अनुस्वार!' म्हटलं की खाली शिपाई दचकायचा, असं शाळेत म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. तोंडाचा पट्टा घरीही चालू असायचा. मग घसा बसायला लागला. आधी शनिवारपुरता, मग आठवडाभर, मग बसला तो बसलाच. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचा हुकूम असा की तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने तर ताण जास्तच येतो. मी कागदावर लिहून विचारलं, 'त्यानंतर आवाज पूर्वीसारखा येईल ना?' डॉक्टर म्हणाले, बघू.

त्या 'बघू'ने माझी झोप उडाली. निवृत्तीला सहा वर्षं होती. खडू नसला, फळा नसला, पुस्तक नसलं तरी मी शिकवू शकले असते. आवाज नसेल तर मी कोण, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडलाच नव्हता, आणि पडला तेव्हा तो मोठ्याने विचारायची सोय नव्हती.

घरी गप्प राहणं अशक्य होतं. बेल वाजते, फोन वाजतो, शेजारच्या बाई विचारपूस करायला येतात आणि आपण नुसतं हसलो की 'बरं नाही वाटत का?' म्हणून आणखी तासभर बसतात. आमच्या ह्यांनी पहिल्या दोन दिवसांत सांगून टाकलं की इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना रेडिओवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकू आल्या. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं. हे असं चाललं तर घशातली जखम उघडणार, हे दोघांनाही दिसत होतं.

मार्ग काढला तो हौसाबाईंनी. हौसाबाई आमच्या इमारतीखाली पंधरा वर्षं भाजी घेऊन यायच्या. मेथी, कोथिंबीर, पालक, सगळं स्वतःच्या शेतातलं. त्यांच्याशी घासाघीस करणं हा माझा रोजचा व्यायाम होता. मी खाली आले आणि न बोलता मेथीची जुडी उचलली, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ह्यांनी सगळं सांगितलं. हौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, चला आमच्यात. तितं बोलायला कुनी न्हाईच. बोलाल कुनाशी?"

त्यांचं शेत शिवणे गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला. कागदोपत्री तेही आता पुणे शहरच आहे. एका बाजूला बारा मजली इमारती, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे हौसाबाईंचं दीड एकर. वाफ्यांतून पालेभाजी आणि विहिरीकडच्या पट्ट्यात शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी. घरच्या भाकरीपुरती आणि गाईच्या कडब्यापुरती. घरात हौसाबाई आणि त्यांचा मुलगा दत्तू. दत्तूच्या बायकोला दिवस गेले होते आणि ती माहेरी होती. तिची खोली मला मिळाली.

मी जय्यत तयारीने गेले होते. शाळेच्या पहिलीतल्यासारखी लाकडी चौकटीची पाटी आणि पेन्सिलींचा डबा. पोचल्या पोचल्या पाटी काढली आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'हात-पाय कुठे धुऊ?' आणि हौसाबाईंपुढे धरली. त्यांनी पाटी हातात घेतली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. अक्षरओळख नव्हती त्यांना. पंधरा वर्षं मी या बाईशी रोज बोलत होते, यांच्या 'हाय'ला मनातल्या मनात 'आहे' करत होते, आणि एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मराठीच्या बाई पाटी घेऊन कुणाकडे गेल्या, तर जिला वाचता येत नाही तिच्याकडे. माझे कान लाल झाले. पाटी मी ट्रंकेत घातली ती परत निघेपर्यंत काढली नाही.

त्या घरात आणखी एक जण नवीन होती. ती माझ्या आधी महिनाभर आली होती.

राखाडी अंग, पांढरी छाती, गळ्यात निळा पट्टा आणि पट्ट्याला घुंगरू. नदीकडच्या रस्त्यावर एक गाडी थांबली, हौसाबाई सांगत होत्या, त्यातून एक बाई उतरली, तिने बांधावर एक खोका ठेवला, झाकण उघडलं आणि गाडीत बसून निघून गेली. जाताना रडत होती. हौसाबाईंना या रडण्याचाच राग जास्त होता. सोडायचं तर सोडावं आणि रडायचं तर परत न्यावं, दोन्ही कसं करायचं, असा त्यांचा सरळ सवाल होता. मलाही तो प्रश्न नंतर पुष्कळ वेळा पडला. ती बाई कोण असेल? कुठल्या मजल्यावर राहत असेल? तिने या मांजराला काय नाव ठेवलं होतं? मांजराला ते माहीत होतं आणि ते सांगू शकत नव्हतं. मला निदान लिहून सांगता आलं असतं, पण माहीत नव्हतं.

मराठीत मांजर नपुंसकलिंगी. ते मांजर, ते कुत्रं, ते मूल. मी एकतीस वर्षं हे शिकवलं. हौसाबाईंच्या घरी हा घोळच नव्हता. नर असला तर बोका, मादी असली तर भाटी. ही भाटी. दुसरं नाव ठेवायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. फक्त दत्तू कधीकधी तिला 'पुण्याची' म्हणायचा, कारण तिने पहिल्या दिवशी दूध-भाकरीचा वास घेतला, एक पाऊल मागे सरकली आणि सोसायटीच्या चिटणिसाने तक्रारअर्ज वाचावा तशी ताटलीकडे बघत राहिली.

घुंगरू हौसाबाईंनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं आपण म्हणतो. बांधणारी सापडली होती तर, पण मग उंदीर कसा गावायचा, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घुंगरू गेलं तरी भाटीला उंदीर म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. एकदा धान्याच्या कणगीमागून एक बाहेर आला तेव्हा ती उठून बाजूला झाली आणि तिने त्याला वाट दिली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पण वाळलेलं पान वाऱ्याने सरपटत निघालं की पोट जमिनीला लावून, कान पाडून, शेपटीचं टोक हलवत ती त्याची अशी शिकार करायची की बघत राहावं. मग ते पान तोंडात धरून आणायची आणि उंबऱ्यावर ठेवायची. हौसाबाई ते केरात लोटायच्या. मी उचलून ठेवत असे. परत निघाले तेव्हा माझ्याकडे अकरा पानं जमली होती.

बोलता येत नसलं की माणूस बघायला लागतो, आणि बघायला माझ्यापुढे ही होती. तिला पाण्याचं वेड होतं. प्यायच्या नव्हे, चालत्या. दत्तू वाफ्यांना पाणी द्यायला लागला की पाट फोडल्यावर पाण्याची जीभ कोरड्या सरीतून पुढे सरकते ना, मातीचा भुगा आणि काटक्या ढकलत, त्या जिभेच्या बरोबर पुढे ही उलट्या पावलांनी चालायची. पाणी थांबलं की ही थांबायची. पुढे सरकलं की पंजाने टोकावर एक टपली मारायची, पंजा झटकायची आणि पुन्हा मागे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळे वाफे. तिला काय वाटत असेल, हे काय आहे जे जिवंत नाही आणि तरी येतंय? मी बांधावर बसून तोच विचार करायची. चाळीस वर्षं पुण्यात नळ सोडतेय, पाणी येताना कधी पाहिलं नव्हतं.

आता शुक शुकचं सांगते. माझ्या घरी कधी मांजर नव्हतं. मला शुक शुक माहीत होतं ते आपल्या रस्त्यावरचं. ओळख नसलेल्या माणसाची किल्ली पडली, कुणाची ओढणी चाकात जातेय, की मागून शुक शुक करायचं, तो वळून बघतो. आमच्या ह्यांनाही बाजारात मी तसंच थांबवते. म्हणजे माझ्या कोशात त्या शब्दाचा अर्थ 'अहो, इकडे बघा'. शिवाय त्यात एक मोठी सोय होती. श आणि क दोन्ही कठोर वर्ण, उच्चारताना घसा हलतच नाही, नुसता वारा लागतो. मधला उकार ओठांनी चोरून घ्यायचा. डॉक्टरांनी बोलायला आणि कुजबुजायला बंदी केली होती, वारा सोडायला नव्हती. कायद्यात पळवाट काढल्यासारखी मी व्याकरणात काढली आणि स्वतःवर खूष झाले.

तर तिसऱ्या दिवशी, पायरीवर बसून, हातात बिस्किटाचा तुकडा धरून मी तिला शुक शुक केलं. ती पळून गेली. मला वाटलं, बुजरी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. ती थांबली आणि बिस्किटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला नंतर कळलं. एखाद्याने 'चालते व्हा' म्हणून पानावर बसवावं तसा तो पेच होता. पण बिस्किटापुढे तिने व्याकरण सोडलं. आठवडाभरात असं झालं की मी कुठूनही वारा सोडला की शाळूतून, गवतातून, विहिरीच्या काठावरून ती धावत यायची. बिस्कीट नसलं तरी यायची. आली की माझ्या चपलेवर बसायची, माझ्याकडे पाठ करून, आणि समोर बघायची.

मला काय वाटत होतं ते सरळ सांगते. एकतीस वर्षांत माझ्या हाकेला कुणी असं आलं नव्हतं. पोरं आली ती भीतीने आली. आणि ही येत होती ती माझ्या आवाजाविना. माझी ती काळजी, आवाज गेला तर मी कोण, ती तिच्यापुढे गळून पडायची. तिच्या लेखी मी शुक शुक करणारी एक बाई होते आणि तेवढं तिला पुरत होतं.

हौसाबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या चुलीपुढून उठूनच आल्या. मी बोलावतेय की हाकलतेय असं विचारलं. मी दोन्ही हातांनी 'ये ये' करून दाखवलं. त्या आधी मनसोक्त हसल्या. मग म्हणाल्या, "अवो, आमी सगळी तिला ह्येनंच हाकलतो." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शुक शुक म्हणजे मांजराला 'जा'. लहान पोरालाही माहीत असतं. मला माणसांचं शुक शुक माहीत होतं, मांजरांचं नव्हतं. चूक माझी होती, पण तिला ती पाठ झाली होती, आणि चुकीचं पाठ झालेलं सोडवणं किती अवघड असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मनात आलं, असू दे, काय बिघडतंय.

शाळू दाण्यावर आला. पाखरांच्या झुंडी उतरायला लागल्या आणि राखण सुरू झाली. पट्ट्याच्या मधोमध चार खांबांवर फळ्यांची बैठक बांधतात, तिला माळा म्हणतात. त्यावर उभं राहून गोफणीने खडे भिरकावायचे आणि ओरडायचं. हौसाबाई सकाळी उन्हं वर येईपर्यंत माळ्यावर. त्यांच्या साठीतल्या घशातून 'हाऽऽऽ' निघायचं ते नदीपलीकडे जाऊन परत यायचं. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ते ऐकायची आणि मला असूया वाटायची. खरंच वाटायची. हा आवाज यांना पाखरांसाठी मिळालाय, असं मनात यायचं. लगेच लाजही वाटायची. भाटी वर हौसाबाईंच्या पायाशी झोपलेली असायची. शेकड्यांनी पाखरं तिच्या नाकावरून उडायची आणि ती एक डोळा अर्धा उघडून, हे तुमचं तुम्ही बघा, असा चेहरा करून पुन्हा मिटायची. सकाळी कोवळी कणसं आगटीत भाजली जायची, हौसाबाई तळहातावर चोळून दाणे मोकळे करायच्या, फुंकर मारायच्या आणि गरम गरम माझ्या ओंजळीत टाकायच्या. हुरडा तो. त्याला राखेची चव असते. पाकिटात ती येत नाही.

त्या गप्पपणात मला एक नवा नाद लागला. माणसाने जनावरांसाठी किती आवाज राखून ठेवलेत ते मी ऐकायला लागले. कुत्र्याला बोलावताना यू यू, हाकलताना हाड. गाईला जिभेने टाळ्यावर टक्. पाखरांना हा. हे शब्द आहेत की नाहीत? शब्दांच्या आठ जाती मी शिकवते, त्यात यांना घर कुठलं? केवलप्रयोगी अव्ययात ढकलता येतील, पण ती तर आपल्या मनातल्या भावना दाखवतात, अरेरे, शाबास, छी. हे आवाज समोरच्यासाठी असतात. बरं, ते ठरवले कुणी? हाड ऐकून जाणारं पहिलं कुत्रं कोणतं?  विचारायलाही तोंड नव्हतं.

अठराव्या दिवशी सकाळी शेणखताची ट्रॉली आली. मोजून तीन दिवस राहिले होते. ट्रॅक्टरवाला शेजारच्या वस्तीतला, ट्रॉली मागे घेत होता. मागे उजव्या बाजूला उभा राहून दत्तू त्याला 'येऊ दे, येऊ दे' करत होता. मी विहिरीच्या काठावर होते, तीस-चाळीस पावलांवर. भाटी ट्रॉलीच्या डाव्या बाजूला उन्हात पडली होती, चाकापासून हात-दीड हात बाजूला. तशीच पडून राहिली असती तर काही झालं नसतं. पण दत्तूला ती ट्रॉलीच्या खालून दिसली. त्याने चांगुलपणानेच टाळी वाजवली आणि तिला हाकललं, शुक शुक.

ती उठली. आळस दिला. आणि ट्रॉलीखालून त्याच्याकडे निघाली.

दत्तूने आणखी जोरात शुक शुक केलं. ती आणखी भरभर आली. उजव्या चाकामागे येऊन बसली, शेपटी पायांभोवती गुंडाळून, मान वर करून, त्याच्या हाताकडे बघत. बिस्किटासाठी. इंजिनाच्या आवाजात ट्रॅक्टरवाल्याला दत्तू ऐकू जात नव्हता, आणि दत्तू शुक शुकच करत होता, कारण मांजराला दुसरं काय म्हणतात?

मला त्या क्षणी डॉक्टर आठवले. आठवले हे खरं आहे, लपवून काय करू. 'बघू' हा शब्द आठवला, माझा वर्ग आठवला, आणि तोंड उघडलं गेलं.

"हाड!"

तो आवाज माझा नव्हता. मी स्वतः वळून बघितलं, कोण ओरडलं म्हणून. काहीतरी जाड, फाटकं, वीतभर पोतं फाटावं तसं घशातून गेलं आणि मागे रक्ताची चव आली. भाटीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती हवेत उडाली आणि शाळूत दिसेनाशी झाली. ती बसली होती त्या जागेवरून चाक गेलं.

हौसाबाई नंतर म्हणाल्या की त्यांना वाटलं कुणी परका गडी शेतात शिरला. त्या काठी घेऊन धावत आल्या होत्या. मी विहिरीच्या काठावर दोन्ही हात गळ्याला लावून बसले होते आणि हुंदका आला तर तोही आवाजच, म्हणून तो गिळत होते. त्यांनी मला कुशीत घेतलं.  दत्तू समोर उभा राहून नुसता कान धरत होता, आणि मला त्याला सांगता येत नव्हतं की कान मी धरायला हवेत.

भाटी तीन दिवस आली नाही. मी शुक शुक करत शाळूच्या ओळींतून फिरले. तोही वारा आता घशाला लागत होता. चौथ्या दिवशी सकाळी ती माळ्यावर दिसली, नेहमीच्या जागी, जणू काही झालंच नाही. मी शिडीखाली उभी राहिले. शुक शुक केलं. तिने कान माझ्याकडे वळवला, मग दुसरा वळवला, आणि बराच वेळ मला वाचत राहिली. उतरली नाही. त्याच दुपारी हे मला न्यायला आले.

डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. व्रण धरलाय म्हणाले. त्या एका ओरडण्यामुळेच का, असं मी लिहून विचारलं. भला माणूस. म्हणाले, तसं मी म्हणणार नाही, कदाचित असाही धरला असता. हा 'कदाचित' मी सहा वर्षं उलटसुलट करून पाहिलाय. काही दिवस मला तो खरा वाटतो. पुढे आवाज आला तो हा. पाच मिनिटं चालतो, मग विझतो. साठ पोरांचा वर्ग पाच मिनिटांत शिकवता येत नाही. शाळेने मला ग्रंथालय दिलं, जिथे 'शांतता राखा' अशी पाटी असते. शांतता राखायला एवढी अनुभवी बाई त्यांना मिळाली नसती. माझ्या जुन्या वर्गावरून जाताना नव्या बाईंचा आवाज ऐकू यायचा. चांगल्या शिकवतात त्या. मी जिन्यात थांबायची नाही.

शेतावर मी जात राहिले. पहिल्या वेळी गेले तेव्हा भाटी माझ्या नव्या आवाजाला पळाली. दुसऱ्या वेळी लांब बसून ऐकत राहिली. मी बांधावर बसून तिच्याशी बोलले, पाच मिनिटं बोलायचं आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. तिला सगळं सांगितलं, मी कोण, कुठली, काय झालं. तिसऱ्या वेळी ती माझ्या चपलेवर येऊन बसली, पाठ करून. आवाज आणि बाई एकच आहे हे तिने कसं जुळवलं असेल? वासावरून? की तिला तो प्रश्नच पडला नसेल?

आणि एक गोष्ट झाली, जी मला कुणी मुद्दाम सांगितली नाही. माझी मलाच हळूहळू कळली. हौसाबाईंच्या घरात आता मांजराला कुणी शुक शुक करून हाकलत नाही. शुक शुक म्हणजे 'ये'. हाकलायचं असेल तर नुसती टाळी. दत्तू, त्याची बायको, शेजारच्या वस्तीतला तो ट्रॅक्टरवालासुद्धा. मी एकतीस वर्षं लोकांच्या चुका लाल शाईने गोल केल्या. माझी एक चूक त्यांनी गोल केली नाही. भाटीला घेतलं तशी तीही घरात ठेवून घेतली. मी विषय काढला तर हौसाबाई म्हणाल्या, मंग काय, ती शिकल्याली बदलनार हाय का? आमीच बदलतो.

आज सकाळी उठून बसने शेतावर गेले. पाकिटातल्या हुरड्याने जीव भागेना. शाळूचा पट्टा आता निम्मा झालाय, बारा मजली इमारतींना आणखी दोन शेजारणी आल्यात. हौसाबाई माळ्यावर होत्या. भाटी त्यांच्या पायाशी, आता जाडजूड झालेली, एक कान कुठल्याशा बोक्याने फाडलेला. मी शिडी चढून वर गेले, धापा टाकत. पाखरांचा एक थवा उतरला. हौसाबाईंनी गोफण माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, वरडा की बाई. मी तोंड उघडलं. खर्र झालं आणि विझलं. पाखरांनी मानसुद्धा वर केली नाही. मला हसू आलं आणि मग एकदम हसू येईना. मी म्हटलं, हौसाबाई, मी आता कधी ओरडू शकणार नाही हो. शिकवूही शकणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला.

"मी वरडते की. तुमी निस्तं सांगा काय वरडायचं. तुमी साळंत काय सांगत व्हता पोरान्ला?"

शब्दांच्या जाती, मी म्हटलं. नाम, सर्वनाम, ते सगळं.

हौसाबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडल्या, "नाऽऽऽम!" सगळा पट्टा हलला. थवाच्या थवा वर उठला, इमारतींच्या काचांवरून फिरला आणि नदीकडे गेला. नदीपलीकडून नाम परत आलं. भाटीने एक डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

"म्होरं?" हौसाबाईंनी विचारलं.

"सर्वनाम," मी म्हटलं.